साडूचे गाल आणि माझे

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," सोलापूरच्या त्वचेच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. "तुमचा चेहरा परत येतोय, एवढंच."

आता, जो परत येऊ नये म्हणून ह्याच बाईंकडून मी गालात सुया टोचून घेतल्या होत्या, तोच येतोय म्हटल्यावर आनंद कसा व्हावा?

येरमाळ्याला हायवेलगत माझं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. माझा साडू दत्ता, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, ढोकीला असतो. वयानं माझ्याएवढाच. पण मागं एकदा त्याचे गाल अचानक असे भरले की सुरकुती शोधून सापडेना. आमच्याकडं गाल भरले की लोक एकच म्हणतात, सुख मानवलं. प्रत्येक कार्यात सासूबाई त्याच्याकडं बघून हे म्हणायच्या, मग माझ्याकडं बघून वाढप्याला सांगायच्या, ह्यांना अजून एक पोळी वाढा. माझ्या पोटात भूक नव्हती, आग होती.

शेवटी बॅटऱ्यांचा माल आणतो म्हणून सांगून सोलापूर गाठलं. डर्मल फिलर म्हणजे बसलेल्या गालात सुईनं भरायची जेली. तिच्यात हायलुरॉनिक ॲसिड असतं. त्याचा बॅटरीच्या ॲसिडशी काही संबंध नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. ते आपल्या कातडीत मुळातच असतं, शरीर ही जेली हळूहळू विरघळवतं, साधारण वर्षभरात ती उतरते, असं बाईंनी सांगितलं. मी 'वर्षभर' तेवढं ऐकलं, 'हळूहळू' सोडून दिलं.

गाल झकास भरले. पुढच्याच लग्नात सासूबाईंनी मला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "दाढ दुखतीय का तुमची?"

काही महिन्यांनी ओठांच्या कडेच्या रेघा परत आल्या. मग डावा गाल बसला, उजवा तसाच. हसलो की अर्धंच तोंड सुखी दिसायचं.

बायकोला वाटलं, लकवा. तिनं येरमाळ्याच्या येडाई देवीची ओटी भरायचं बोललं आणि मला धाराशिवला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भुवया उचलायला लावल्या, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. सगळं जागच्या जागी. चेहऱ्यावर काही उपचार केलेत का, असं त्यांनी विचारलं. बायको शेजारीच होती. मी मान हलवली, नाही. मग त्यांनी सीटी स्कॅन लिहिला, म्हणजे मशीननं काढलेले डोक्याच्या आतले फोटो. खरं बोलण्यापेक्षा त्या मशीनच्या भोकात झोपणं मला सोपं वाटलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना सगळं सांगून टाका. ते बायकोपेक्षा कमी ओरडतात.

स्कॅनचा नंबर यायचा होता, तोवर बायको चहा आणायला गेली. समोरच्या बाकावर तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. रुमाल खाली केला तर दत्ता. त्याचेही गाल उतरलेले. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं.

मग त्यानं आजाराचं नाव सांगितलं. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीच्या चाळणीतून प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि अंगावर सूज येते. त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी तोंड चंद्रासारखं गोल होतं, डॉक्टर त्याला मून फेसच म्हणतात. पोरीची सोयरीक चालली होती, म्हणून बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक सुख मानवलं म्हणायचे आणि हा हसून घ्यायचा. आता डोस कमी करत आणलाय, म्हणून गाल उतरतायत.

"तुमच्यावर लई जळायचो मी, पाव्हणं," तो म्हणाला. "माझं गाल गोळ्यांचं. तुमचं खरं सुखाचं."

मी जेलीचं सांगितलं. तो इतका हसला की नर्सनं दम दिला. चहा घेऊन आलेली बायको मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती हसली नाही. स्कॅन रद्द झाला. बोललेली ओटी मात्र तिनं रद्द केली नाही, ती दत्ताच्या नावानं भरली.

सोलापूरला परत गेलो तेव्हा दत्ता सोबत होता. बाईंनी समजावलं. तोंडाचा जास्त हलणारा भाग लवकर उतरतो, दोन्ही बाजू एकदम उतरतीलच असं नाही. कातडी लोंबत वगैरे नाही, चेहरा जवळपास पूर्वीसारखाच होतो. फक्त डोळ्यांना भरल्या गालांची सवय झालेली असते, म्हणून आपलाच जुना चेहरा जास्त म्हातारा वाटतो. परत भरू का, असं त्यांनी विचारलं. शेजारी दत्ताचे गोळ्यांतून सुटलेले गाल होते. राहू द्या, म्हणालो.

दत्तानं मुलाकडच्यांना आजाराचं स्वतःहून सांगितलं. सोयरीक टिकली. साखरपुड्यात आम्ही दोघं साडू शेजारी बसलो, बसलेल्या गालांनी.

सासूबाई दत्ताला म्हणाल्या, "वाळलात, पर रुबाब आलाय."

मग माझ्याकडं वळल्या. "तुमची दाढ बरी झालेली दिसतीय."

आग परत पेटली. आणि आता पेटायला हरकतही नाही, ताज्या तपासणीत दत्ताचं प्रोटीन जायचं थांबलंय. आजारी माणसावर मनासारखं जळता येत नाही. मला पोटभर जळता येईल असा धडधाकट साडू डॉक्टरांनी परत दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.