मंगळवार पेठेतला फ्लेक्स

दोन हजार सहा साली मी पुढारी झालो. त्याआधी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात बिलं टाईप करत होतो, नंतरही तेच करत राहिलो. पण मधल्या काळात मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराचा समन्वयक होतो. जगभरची माणसं हौसेनं जे सॉफ्टवेअर बनवून फुकट वाटतात, त्यातला इंग्रजी मजकूर मराठीत करून घ्यायचा, हे माझं काम. निवड रीतसर झाली. "कोण तयार आहे?" या ईमेलला उत्तर देणारा मी एकटाच निघालो.

माझ्या हाताखाली बिनपगारी माणसं. त्यांना रागवायची सोय नाही. कॉलेजातली स्नेहल, रिटायर झालेले तलाठी आकारामतात्या, आणखी चार-पाच जण. प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिला. 'मदत' हा भाग, म्हणजे अडलेल्या माणसाला पुढं काय करायचं ते सांगणारा, मी स्वतःकडं ठेवला. समन्वयकानं अवघड काम घ्यावं, असं मी पहिल्या बैठकीतल्या भाषणात बोलून बसलो होतो.

घाई होती ती नेसरीच्या वीरेश सरांना. त्यांच्या शाळेला जुने संगणक मिळाले होते आणि पोरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. जूनच्या आवृत्तीत मराठी आली नाही, तर पोरांचं आणखी एक वर्ष वाया जाणार होतं.

मार्चमध्ये काम अर्ध्यावर रखडलं. उत्साह वाढावा म्हणून मी खास कोल्हापुरी उपाय केला. मंगळवार पेठेत फ्लेक्स लावला, 'संगणक मराठीत आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली सगळ्यांचे फोटो, मधोमध मी, गॉगल लावून. झालं! अभिनंदन झालेला माणूस काम कशाला करतोय? तात्या तर पेढे वाटून मोकळे झाले. वर वीरेश सरांचा फोन आला, "फ्लेक्स बघितला की साहेब! पोरास्नी सांगून टाकलंय, मराठी झाली म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन मी फ्लेक्स उतरवला. संध्याकाळी तात्या दारात हजर.

"आमचा फोटू कुणी उतरवला रं? गल्लीत तोंड दाखवायची सोय न्हाय ऱ्हायली!"

"तुमचा भाग पुरा करा तात्या, लगेच परत लावतो."

"व्हय? मग बघच आता."

स्नेहलच्या आधी आपला फोटो लागला पाहिजे, या ईर्षेनं तात्या कामाला भिडले. ते बघून बाकीचेही. ज्याचा भाग संपेल त्याचा फोटो चौकात चढू लागला. शिडीवर उभा राहून तारा आवळताना मला वाटायचं, माणसं हाताळावीत तर आपणच.

जूनमध्ये मराठी आली. नेसरीच्या शाळेत सरांनी मला फेटा बांधला. शिवांजली नावाची सातवीतली मुलगी संगणकावर बसली आणि पोरं पडद्यावरचं मराठी ओरडून वाचायला लागली. मला खरंच भरून आलं. मग शिवांजली एका ठिकाणी अडली.

"घाबरू नगं," सर म्हणाले, "मदत दाब."

तिनं दाबलं. पडदाभर इंग्रजी.

"सर, एवढं कुणाचं ऱ्हायलंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फेटा काढून टेबलावर ठेवला, तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि पडद्यावरचं पहिलं वाक्य तिला मराठीत सांगायला लागलो.