फडक्यावरची निळाई

मेण आणि टर्पेंटाईन एकत्र तापलं की एक वास सुटतो. थोडा देवघराचा, थोडा रंगाऱ्याच्या दुकानाचा. आजही कुठे दारा-खिडक्यांना पॉलिश चाललेलं असलं आणि तो वास नाकाशी आला, की माझी पावलं आपोआप मंदावतात आणि डोळ्यांपुढे नळदुर्गच्या घराचं ते फरसबंद अंगण उभं राहतं. भाद्रपदातलं धुऊन निघालेलं कोवळं ऊन, ओसरीच्या पायरीशी लावलेली जुनी मोटार, आणि धोतराचा काचा मारून, हातात फडकं घेऊन तिच्या बॉनेटवर ओणवे झालेले माझे सासरे. सुगंध म्हणावा असा तो वास नव्हेच. पण कृतज्ञतेला जर कुठला वास असेल, तर माझ्यापुरता तो हाच आहे.

त्याच वैशाखात माझं लग्न झालं होतं. माहेर सोलापूरचं. यजमान लोहाऱ्याला शाळेत मास्तर, घरी यायचे ते रविवारी. एरवी घरात आम्ही तिघं, सासूबाई, मामंजी आणि मी. आणि मोटार धरली तर चौघं, आणि ती धरावीच लागे, कारण सकाळी चहाच्या आधी मामंजी तिची विचारपूस करीत. निजामाचं राज्य गेलं तेव्हा कुणा अंमलदारानं जाता जाता ती विकली, आणि तेव्हापासून नळदुर्ग ते सोलापूर हा रस्ता तिनं आणि मामंजींनी मिळून झिजवला. किती नवऱ्या तिनं सासरी पोचवल्या आणि किती अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात! तिचा रंग म्हणे दौतीतल्या शाईसारखा निळा होता. म्हणे, कारण मी पाहिली तेव्हा ती राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. बाभळीच्या काट्यांनी दोन्ही कुशींवर रेघा ओढलेल्या, बकऱ्यांनी शिंगं घासलेली, आणि मागच्या बाजूला गावातल्या कुण्या विद्वानानं खिळ्यानं आपलं नाव कोरून ठेवलेलं.

संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता. मामंजींनी दसऱ्याआधी मोटार उजळायचं मनावर घेतलं. ‘‘नवं राज्य आलंय, तर गाडीनं जुन्या तोंडानं हिंडायचं न्हाय,’’ असं त्यांनी ओसरीवर जाहीर केलं. सोलापूरला कारखान्यात टाकावी, असं यजमान म्हणाले, तर मामंजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तर मुकाट्यानं जेवायला बसले. आपलं तोंड कुणी परक्याच्या हातून धुऊन घेतं का, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

मग आमच्या अंगणात एक आगळाच स्वयंपाक मांडला गेला. आधी रिठ्याच्या पाण्यानं मोटारीला न्हाऊ घातलं. खडू कुटून त्याची पूड वस्त्रगाळ करायचं काम माझ्याकडे आलं. त्या पुडीत पाणी आणि रॉकेलचे थेंब घालून सरबरीत लेप करायचा, आणि मऊ फडक्यानं, जोर न करता, गोल गोल घासत राहायचं. सरतेशेवटी टर्पेंटाईनमध्ये वितळवलेल्या मेणाचा हात. नवी सून म्हणून मी आधी लांबूनच वाटी सरकवत होते. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून मोटारीचं एक दार मी माझं म्हणून मागून घेतलं, आणि सासूबाईंनीही न पाहिल्यासारखं केलं.

घासता घासता पांढरं फडकं निळं व्हायचं. वरचा मेलेला रंग फडक्यावर यायचा आणि खालून जिवंत रंग हसायचा. मला त्या दृश्यानं भूल घातली. रंग जातो, असं आपण म्हणतो. पण तो खरोखर जातो का? की ऊन-पावसानं करपलेली आपलीच कातडी अंगावर पांघरून तो आत वाट पाहत बसतो, कुणी हळुवार हातानं ती दूर करील म्हणून? माणसांचंही असंच असतं का? संसाराला नवी असताना असले प्रश्न फार पडतात, आणि हातात फडकं असलं की उत्तराची घाई नसते.

मामंजी मात्र फडकं झटकून म्हणायचे, ‘‘बघ सूनबाई, किती काळा मळ निघालाय.’’ मला वाटलं, बोलण्याची रीत असेल. पुढे गल्लीतली माणसं थांबून मोटारीत आपापलं तोंड पाहू लागली, मिशा नीट करू लागली, तरी मामंजी म्हणत, ‘‘अजून अंधुकच हाय.’’ आणि घासत. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर निळ्या रंगाखालचं विटकरी अस्तर डोकावायला लागलं, तरी त्यांचा हात तिथंच फिरत होता. त्यांनी खाली टाकलेलं फडकं मी उचललं. ते शाईत बुडवून काढल्यासारखं निळं होतं. आणि मामंजी त्याला काळं म्हणत होते.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला. ‘‘ताटातला केस पहिल्यांदा त्यांलाच दिसायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उन्हाळ्यापासनं न्हाय दिसला. मला वाटलं, माणूस वयानं मऊ झालं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या एका माहेरवाशिणीला घेऊन मामंजी सोलापूरला निघणार होते. तिचे दिवस भरलेले, आणि दवाखान्यात न्यायचा शब्द मामंजींनी दिलेला. आता हे सांगायचं कुणी? सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्या सांगितलं तर भांडण हुईल. तू सांग.’’ ज्यांच्यासमोर मी मोठ्यानं बोललेही नव्हते, त्यांना मी सांगायचं होतं, की तुमचे डोळे गेले आहेत. पण त्या बाईचं पोट डोळ्यांपुढून हलेना.

मी फडकं घेऊन त्यांच्यासमोर गेले. ‘‘मामंजी, हे कसलं झालंय?’’

‘‘काळं.’’

‘‘निळं आहे हो.’’

त्यांनी ते हातात घेतलं, उन्हात धरलं, डोळ्यांशी नेलं.

‘‘आन् गाडी?’’

‘‘आरशासारखी झालीय. कालपासूनच.’’

ते मोटारीच्या पायरीवर बसले. रागावले असते तर माझं काही चाललं नसतं. सुनेचं बोलणं किती आणि त्याचं मोल किती, ते दिवसच तसे होते. पण ते रागावले नाहीत, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. स्वतःशी बोलावं तसं ते म्हणाले, ‘‘परवा बोरीच्या पुलावर एका गाडीवानाला म्या लई बोललो. दिवा लावला न्हाय म्हणून. लावला आसंल त्यानं.’’ मग बंडीच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ‘‘महेबूबला दी. सकाळी बाई पोचली पायजे.’’

महेबूबभाई आमचे शेजारी, हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवून घरी बसलेले. किल्ली घेताना ते ओशाळून मामंजींना म्हणाले, ‘‘अण्णा, किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल, गाडी तुमचीच हाय.’’ सकाळी मोटार निघाली तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामंजी शेजारच्या जागेवर बसले होते, मांडीवर हात ठेवून, शाळेत नव्यानं बसवलेल्या पोरासारखे. बाई सुखरूप पोचली, सुखरूप बाळंत झाली. आणि येताना महेबूबभाईंनी मोटार डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी नेऊन उभी केली.

त्या काळी मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागे. ती वाट पाहणं मोठं कठीण होतं. शस्त्रक्रियेत डोळा राहील की जाईल, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. थंडीत एकदाची ती झाली. मामंजी हिरवी पट्टी बांधून परतले आणि अंधाऱ्या खोलीत निजून राहिले. चष्म्यानं दिसेल, पण मोटार हाकायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकून सासूबाईंनी देवाला साखर ठेवली, आणि मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले. दोघांचंही मला पटलं.

संक्रांतीच्या सुमारास जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून मामंजी चाचपडत अंगणात उतरले. सकाळीच मी मोटारीला मेणाचा हात दिला होता. ते तिच्यापुढे उभे राहिले, आणि कितीतरी वेळ उभेच राहिले. ‘‘एवढी निळी व्हती व्हय ही,’’ असं काहीसं पुटपुटले. मग बॉनेटवरचा तो विटकरी डाग त्यांना दिसला. त्यावरून बोट फिरवून ते खुदकन हसले, आणि पुढे माझं ते दार पाहायला वाकले.

मी चहा घेऊन मागे उभी होते. दाराच्या निळाईत माझं तोंड उमटलं होतं, पदरासकट. मी मागे सरणार, एवढ्यात ते वळून न पाहताच म्हणाले, ‘‘थांब सूनबाई. हलू नगंस.’’

लग्नात सूनमुख पाहायच्या वेळी सासूबाईंनी माझ्यासमोर आरसा धरला होता. त्यांच्या खांद्यावरून मामंजी आरशात वाकले होते आणि म्हणाले होते, ‘लई चांगली हाय.’ त्या तीन शब्दांवर मी माहेरच्या आठवणीचे पहिले दिवस निभावले होते.

‘‘तवा म्या आपलं अंदाजानं म्हणलं व्हतं,’’ दाराकडेच पाहत ते म्हणाले. ‘‘आरशात मला काय दिसलं न्हवतं. आज बघितलं.’’

हातातली कपबशी मी पायरीवर ठेवली. मामंजी गेले, मोटार गेली, ते अंगणही आता दुसऱ्या कुणाचं आहे. पण वाटेत कुठे मेण आणि टर्पेंटाईनचा वास आला की मी थांबते. माझा हात सवयीनं डोक्यावरच्या पदराकडे जातो, आणि मग तो पदर मी थोडा मागे सारते. कुणीतरी पाहत असेल, नीट दिसावं म्हणून.