शेवटच्या डब्यातला सायकलस्वार

मागे बघत पुढे जाणारा माणूस अख्ख्या जयपुरात एकच आहे आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. हे मी कौतुकाने म्हणत नाही. प्रताप नगरातल्या कुठल्याही भाजीवाल्याला विचारा, तोही हेच सांगेल, फक्त जरा कडक शब्दांत. हे गृहस्थ रेल्वेत मालगाडीचे गार्ड आहेत. मूळचे अकोल्याकडचे, बदल्या होत होत राजस्थानात आले आणि हाउसिंग बोर्डाच्या या कॉलनीत रुजले. मी सांगलीचा, कंपनीच्या संगणकासमोर घरूनच बसणारा. आमच्या इमारतीत मराठी दारं दोनच, त्यांचं आणि माझं, त्यामुळे आमची ओळख व्हायला फारसा वेळ लागला नाही. रेल्वेने मध्यंतरी गार्ड हे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. मी अभिनंदन करायला गेलो तर म्हणाले, “भाऊ, नाव बदललं, पन बसाची जागा थेच आहे. शेवटचा डबा!” अख्खी नोकरी त्यांनी त्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढली. पुढचं काम इंजिनवाल्याचं आणि मागचं आपलं, हा कामाचा नियम त्यांनी हळूहळू आयुष्यालाही लावून टाकला.

पायी चालणं हे त्यांच्या मते डबे नसलेल्या लोकांचं काम. कोपऱ्यावरच्या दुकानातून कचोरी आणायची तरी ते स्कूटर काढत, आणि कोपरा आमच्या फाटकातून दिसतो. कचोरी खाऊन झाली की दुसरी कचोरी आणायला पुन्हा स्कूटर निघे. देह त्या मानाने भरलेला होता. वहिनी म्हणत, “याईले पाहून वजनकाटाच रजा मागते.” वहिनी हसत हसत असं काहीतरी बोलून जात आणि गार्डसाहेब लाजून पोटावर हात ठेवत. मूलबाळ नव्हतं. दोघांनी एकमेकांची थट्टा करणं हाच त्या घरातला गलका होता.

मग वहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्यांच्या भावंडांत कोणाचा रक्तगट जुळेना, कोणाचं वय बसेना. गार्डसाहेबांचा रक्तगट मात्र जुळला. ते इतके खूश झाले, की दवाखान्यातच बाह्या सरसावून म्हणाले, “काढा!” डॉक्टरांनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. वजन अफाट, रक्तदाब चढलेला, साखर काठावर. अशा माणसाची किडनी काढली तर एकाच्या जागी दोन पेशंट होतील, आधी हे सगळं खाली आणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी गार्डसाहेब घरी आले ते रिक्षात आडवी घातलेली एक सायकल घेऊनच. लहानपणी शाळेत जायला चालवली होती, त्यानंतर हीच. पन्नाशी उलटलेला तो माणूस फाटकाशी सायकल धरून उभा होता आणि पाय टाकायचा कुठून हेच त्याला आठवत नव्हतं.

दुकानदाराने त्यांना हेल्मेट, हातमोजे, तंग चड्डी असं बरंच काही दाखवलं होतं. त्यांनी फक्त घंटी घेतली. पोशाख म्हणून नोकरीची जुनी पांढरी पँट, आणि ती साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, हे रक्तात भिनलेलं. तेव्हा सकाळी खाली उभं राहून ते गॅलरीकडे बघत आणि वहिनींनी वरून हिरवं काहीतरी दाखवायचं. कधी ओढणी, कधी कोथिंबिरीची जुडी. एका सकाळी वहिनींना ग्लानी आली होती आणि गॅलरीत नेमका लाल टॉवेल वाळत होता. हे खाली उभेच. मी म्हटलं, गार्डसाहेब, तो टॉवेल आहे. तर म्हणाले, “असंल. पन लाल आहे नं?” शेवटी माझ्या मुलीची हिरवी वही मी खिडकीतून हलवली, तेव्हा कुठे गाडी सुटली.

आणि सुटली तरी नजर मागेच. गाडी पूर्ण आली का, एखादा डबा सुटला तर नाही ना, हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला पुढे बघायचं कोणी शिकवलंच नव्हतं. दर थोड्या वेळाने मान वळवून ते आपल्या मागच्या चाकाची खात्री करून घेत. पहिल्याच आठवड्यात ते गाजराच्या गाड्यात घुसले. “अरे बाऊजी, सामने देखो, सामने!” भाजीवाला ओरडला. गाजरांत बसूनच त्यांनी उत्तर दिलं, “सामने देखने का काम मेरा नहीं है, भैया!” पुढे तो भाजीवाला लांबून सायकल दिसली की गाडा फुटपाथवर चढवून ठेवू लागला. गाईसुद्धा बाजूला होत, आणि जयपूरच्या गाई कोणासाठी बाजूला होत नाहीत.

वजन मात्र उतरायला लागलं. चाकसूची शीतलामातेची जत्रा आली तोवर चिमटे पँटच्या कमरेलाही लावावे लागत होते. त्यांनी जाहीर केलं, की ते सायकलने पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या चाकसूला जाणार. मातेला आदल्या दिवशी रांधलेला थंड नैवेद्य लागतो. कॉलनीतल्या बायकांनी हे ऐकलं मात्र, पुए, राबडी, गोड भात असे डबे त्यांच्याकडे यायला लागले. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेला हा माणूस कॅरियरवर शीतलामातेचा नैवेद्य बांधून टोंक रोडला लागला. मी छेडलंच. “भाऊ, पार्सलवर ज्याचं नाव त्याले द्याचं. पार्सलवाल्यानं देव तपासाचा नसते,” असं म्हणाले आणि निघाले. संध्याकाळी परत आले ते चेहऱ्यावर मीठ वाळलेलं आणि पाय थरथरत. वहिनींनी विचारलं, “काही मांगतलं का मातेले?” ते म्हणाले, “नाही. पोच तेवढी सांगतली.” मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्या कानाशी कबूल केलं, की रांगेत उभं असताना तोंडातून एक शब्द निघून गेला होता. तो शब्द काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज वाटली नाही.

उन्हाळ्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. सायकलवरून आले की ते वर न जाता आमच्या स्वयंपाकघरात शिरत, माठातून तांब्या भरून घेत आणि उभ्यानेच घटाघट पीत. एक तांब्या, दुसरा तांब्या. मला वाटलं, वरचा माठ फुटला असावा. पण किडन्या गेल्यामुळे वहिनींना दिवसभरात पाणी मोजून मिळायचं, अगदी कपभराने. जयपूरचा मे महिना, बाहेर लूच्या गरम झळा चाललेल्या, आणि त्या बाईने जीभ ओठांवरून फिरवत बसायचं. तिच्या देखत आपण पाणी पिणं त्यांना जमेना. “थे काही म्हनत नाही हो,” ते तांब्या पालथा घालत म्हणाले, “पन गिलासाकडे पाह्यते.” या माणसाला मी वर्षभर हसत आलो होतो, त्या दिवशी मात्र हसू गेलं ते गेलंच. वहिनींना हे सगळं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, “तुमच्या घरून पानी पिऊन येतात आन् मिशी पुसाची विसरतात. मी काई म्हनत नाही.”

पावसाळा सुरू होता होता डॉक्टरांनी मान डोलावली. वजन मापात बसलं, रक्तदाब आटोक्यात आला, साखर काठावरून मागे सरकली. शेवटच्या तपासण्या झाल्या आणि आता फक्त त्यांचे निकाल यायचे राहिले. गार्डसाहेब जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढू लागले. आणि त्याच आठवड्यात वहिनींना ताप भरला. कसलासा संसर्ग रक्तात गेला, असं दवाखान्यात सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. लिहायला एक ओळ पुरते, पण जिवाला फार लागलं. काठ गाठायच्या जवळ आलेल्या माणसाच्या हातून असं कोणी काढून घेतं का, असं मी कितीतरी दिवस कोणाला तरी मनातल्या मनात विचारत होतो. गार्डसाहेब रडले नाहीत. अकोल्याहून माणसं आली, वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं परत गेली. पाव्हण्यांना गाडीत बसवून आल्यावर ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “जेवाले काही आहे का?” आम्ही ताट वाढलं. त्यांनी घास भरला, आणि तो गिळताना मात्र त्यांना आवरलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. तिथल्या बाईंना बिचाऱ्यांना काही कळलेलं नव्हतं. “सर, आपकी सारी रिपोर्ट नॉर्मल आई है। बधाई हो!” त्यांनी शांतपणे आभार मानले आणि मला म्हणाले, चला जरा माझ्यासंगं. ते सायकलवर, मी स्कूटरवर. तिथे पोचल्यावर त्यांनी त्या बाईंना पत्नी गेल्याचं सांगितलं. त्या गडबडून उभ्याच राहिल्या. मग गार्डसाहेबांनी डायलिसिसच्या दाराशी बाकावर बसलेल्या एका तरुण मुलीकडे बोट दाखवलं. वहिनींच्या शेजारच्या खाटेवर असायची ती. ते म्हणाले, “मेरा सब तैयार है मॅडम. इसको दे दो।” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी समजुतीने सांगितलं, की असं देता येत नाही, नियम आहे, “सिर्फ नज़दीकी रिश्तेदार को, सर।” ते मान हलवत राहिले. नियम मोडायचा स्वभावच नाही त्यांचा. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आले.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. इतका हलका झालेला देह, सदऱ्यातून पाठीचे मणके दिसत होते. उठून मला म्हणाले, “भाऊ, डॉक्टर म्हनते, आता मले काहीच होनार नाही. लय वर्ष जगसान म्हनते.” मग म्हणाले, “थे बाई म्हने, जवळच्यालेच देता येते. तर आता मी कोनाचा जवळचा, सांगा बरं?”

आमचे, असं माझ्या ओठांवर आलं होतं आणि ते खरंही होतं. पण त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालायला लागले. मी स्कूटर बंद केली आणि ती ढकलत त्यांच्या बाजूने निघालो. टोंक रोडवर ट्रकांचा इतका गोंगाट होता, की घर येईपर्यंत दोघांनाही काही बोलावं लागलं नाही.