आयुधपूजेतलं ‘नाही’

१९९६ च्या दसऱ्याआधी, महादेवपुऱ्यातल्या पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात, सूचनाफलकावर आयुधपूजेच्या सामानाची यादी लागली. कोहळे दोन, लिंबं शंभर, केळीचे खुंट आठ, चुरमुरे दोन पोती. सगळ्यांत खाली, त्याच अक्षरात लिहिलं होतं: आप्पाजी.

आप्पाजी प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या खात्याचे, फोरमन. निवृत्ती तीन आठवड्यांवर आलेली. दरवर्षी ते ही यादी ओलांडून जात. यंदा वाचली, कारण निवृत्ती जवळ आली की माणूस दिसेल ते वाचायला लागतो. आपण ह्या यादीत काय म्हणून आहोत, ते मात्र त्यांना कळेना. ते नास्तिक होते, आणि ही गोष्ट कँटीनच्या मांजरालाही ठाऊक होती.

त्यांनी नंदकिशोरला गाठलं. नंदकिशोर बिदरकडचा, चाळिशीचा, मोठ्या प्रेसवरचा कामगार. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी होती.

“हे काय रे?”

“यादी, अण्णा.”

“माझं नाव चुरमुऱ्यांच्या खाली कशाला?”

“क्रमानं लिहिलंय. आधी कोहळा, मग लिंबं. चुरमुरे वाटायला मागवून ठेवायचे. तुमचं सगळ्यांत शेवटी असतं.”

“माझं काय असतं?”

नंदकिशोरनं त्यांच्याकडे जरा दयेनंच पाहिलं. “तुमचं ते ‘नाही’, अण्णा. त्याच्याशिवाय प्रेस चालू करतात होय कुठं?”

हे ‘नाही’ तीस वर्षं जुनं होतं. आप्पाजी मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले. दहा वर्षांचे असताना थोरल्या भावाला विषमज्वर झाला. निपाणीचा डॉक्टर अकरा दिवस रोज सायकलवरून आला आणि भाऊ वाचला. मग गावच्या लक्ष्मीला बोकड मिळाला, डॉक्टरला चहा मिळाला. काम एकाचं आणि मान दुसऱ्याला, हे आप्पाजींना तेव्हा जे खटकलं ते कायमचं. पुढे त्यांनी पुस्तकंही वाचली, पण ती ह्या बोकडाला पुरावे म्हणून.

कारखान्यातल्या एका खंडेनवमीला कुणीतरी आरतीचं ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “देव नाही. ही प्रेस माणसांनी केली, माणसं चालवतात. नमस्कार करायचा तर त्यांना करा.” नोकरी जाणार अशी त्यांची खात्री होती. ती गेली नाही. प्रेस चालू झाली, वर्ष सुखरूप गेलं. पुढच्या वर्षी ताट पुन्हा त्यांच्यापुढे आलं, ते पुन्हा ‘नाही’ म्हणाले. आपल्याला सुधारण्याचा ह्या लोकांचा प्रयत्न चिवट आहे, असं ते समजत राहिले.

अपवाद फक्त १९९३ चा. त्या वर्षी ते भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी निपाणीला होते. पूजेनंतर आठव्या दिवशी मोठी प्रेस आपोआप खाली आली आणि नंदकिशोरची दोन बोटं घेऊन गेली. तेव्हापासून दसऱ्याला आप्पाजींची रजा मंजूर होईना. साहेबांचा आपल्यावर फार भरवसा, असं त्यांना वाटे.

“म्हणून म्हणतो, अण्णा,” नंदकिशोर म्हणाला, “तुम्ही चाललात. मला अजून अठरा वर्षं ह्याच प्रेसखाली हात घालायचाय. मी टेपरेकॉर्डर आणतो. तुम्ही एकदा नीट ‘नाही’ म्हणून ठेवा.”

आप्पाजी घरी येऊन बसले. ‘नाही’ म्हणावं तर ती पूजाच झाली. न म्हणता ताट घ्यावं तर ती तर उघडच पूजा. आणि घरी बसावं तर नंदकिशोरचा हात थरथरणार, आणि थरथरता हात प्रेसखाली गेला की काय होतं ते सांगायला देव लागत नाही.

“म्हणा की ओ,” त्यांची बायको महानंदा म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

“माझा नास्तिकपणा जातोय.”

“मग नमस्कार करून मोकळं व्हा. तेबी नको म्हणालाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइम ऑफिसातल्या जयतीर्थला विचारलं. त्याचं वाचन दांडगं होतं. “आधी तुम्ही कोण ते ठरवा,” जयतीर्थ म्हणाला. “नास्तिक म्हणतो, देव नाही. अज्ञेयवादी म्हणतो, आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. मानवतावादी म्हणतो, तो विषय राहू दे, माणसाचं बघा. तुम्ही ह्यातले कुठले?”

“ह्या तीन पाळ्या झाल्या,” आप्पाजी म्हणाले. “मी आयुष्यभर जनरल शिफ्टला.”

पूजेचे गुरुजी भीमाचार्य जास्त स्पष्ट निघाले. “माझे मंत्र चालू असताना लोक जांभया देतात. तुम्ही तोंड उघडलंत की चिडीचूप. मला काय वाटत असेल?”

“मग माझं ते ‘नाही’ बंद करा म्हणावं त्यांना.”

“छे! आमच्या मध्वमतात देव न मानणाऱ्याला अंधतमस. कायमचा अंधार. पण प्रेसच्या दृष्टीनं तुमचं चालेल.”

पूजेच्या दिवशी भीमाचार्यांचे मंत्र सुरू झाले आणि आप्पाजी नेहमीसारखे कंटाळले. कंटाळा आला की ते पाना घेऊन प्रेसभोवती फिरत. गार्डचे चार बोल्ट, ब्रेक, क्लचची पिन. चौथा बोल्ट आवळताना हात थांबला. तीस वर्षं मंत्र चालू असताना ते हेच करत आले होते. त्र्याण्णव साली हे कुणीच केलं नव्हतं.

त्यांनी नंदकिशोरला बाजूला ओढलं. “अरे, माझ्या ‘नाही’त काही नाही! ब्रेक सैल होता. मी दरवर्षी तपासायचो, त्या वर्षी राहिला. त्यानं बोटं गेली तुझी.”

“माहीत आहे की, अण्णा,” नंदकिशोर म्हणाला. “ते पाना घेऊन फिरणं तुमचं आधीचं असतं. मग ‘नाही’.”

आप्पाजी त्याच्या अर्ध्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आण तुझा टेप.” आणि टेपमध्ये ते सावकाश बोलले. गार्डचे चार बोल्ट आवळा. ब्रेक तपासा. क्लचची पिन बघा. पायपट्टीवरचा पाय काढा. एवढं झाल्यावर, नंदकिशोरनं हातानंच खुणावलं म्हणून: देव नाही, ही प्रेस माणसांनी केली.

पुढच्या वर्षी निमंत्रण आलं. आप्पाजी बसनं गेले. टेपरेकॉर्डरला झेंडूचा हार होता आणि बटणांवर कुंकू. भीमाचार्यांचं आटोपलं, ताट टेपपुढे धरलं गेलं, नंदकिशोरनं बटण दाबलं. गार्डचे चार बोल्ट आवळा. त्यानं टेप थांबवला आणि आवळले. ब्रेक तपासा. थांबवला, तपासला. काम चोख होतं. आप्पाजींनाही त्यात बोट दाखवायला जागा नव्हती. वर्षभरात कुणाला खरचटलंही नव्हतं, हे त्यांना येताच फाटकावर सांगण्यात आलं होतं.

मग त्यांचाच आवाज ‘देव नाही’ म्हणाला, आणि शॉपमधल्या चाळीस जणांनी हात पाठीमागे बांधले.

आप्पाजींचे होतेच. आता सगळ्यांचे असल्यावर आपण वेगळं काय करतोय, ते त्यांना उमगेना. म्हणून त्यांनी हात पुढे आणले. जोडायला नव्हे; नुसते पुढे.

नंदकिशोरचा चेहरा उतरला. “अण्णा,” तो कुजबुजला, “हात मागं घ्या. स्वल्प, जरासे.”

आप्पाजींनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि आपले मागे घेतले. देव असण्या-नसण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, एवढं त्यांना पक्कं वाटलं. पण जयतीर्थच्या तीन पाळ्यांपैकी ही कुठली, ते काही केल्या आठवेना.

प्रेस सुरळीत चालू झाली. चुरमुऱ्यांचे पुडे वाटणाऱ्याला आप्पाजींच्या पाठीमागच्या हातांत पुडा देण्यासाठी मागून फिरून यावं लागलं.