गोवर आणि पेजेचं पाणी

आमच्या घरात गोवर आला की आधी फोडणी बंद व्हायची, मग मासे. तेल तापल्याचा वास देवीला चालत नाही, असं आई सांगायची. विक्रोळीच्या आमच्या चाळीत तिला विरोध कोण करणार? सगळी कोकणातलीच माणसं. अडुसष्ट-एकोणसत्तर साल असावं. मी दहा वर्षांची आणि धाकटी बहीण तीन.

बहीण मुळातच किडकिडीत. तिला गोवर आला तसा आईने दाराला कडुलिंब बांधला आणि तिचं खाणं पेजेच्या वरच्या पाण्यावर आणलं. पाचेक दिवसांनी पुरळ मावळलं, आम्ही हुश्श केलं. मग जुलाब लागले. पोटाला आराम हवा म्हणून पेज आणखी पातळ झाली. ती रोज मासा मागायची. आई तिच्यापाशी बसून रडायची, पण द्यायची नाही. आईइतकी माया कुणाची नव्हती हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढे लोक काहीबाही बोलले.

मी मात्र हावरट. एका दुपारी शेजारच्या काकूंकडे बांगड्याचं कालवण आणि भात चापून गुपचूप घरी आले. बहिणीने माझा हात धरून नाकाशी नेला.

"ताई, मासो खाल्लंस?"

आणि ती माझी बोटं चाटायला लागली. आईला कळेल या भीतीने मी हात हिसकला आणि मोरीत जाऊन साबणाने खसाखसा धुतला.

बाबांच्या कारखान्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिची मान ठरत नव्हती, छाती घरघरत होती. डॉक्टर भडकले. "गोवर केव्हाच उतरलाय. पोरीला उपाशी ठेवलंत तुम्ही! रोगाशी झगडायला अंगात काही नको? आजारात उलट जास्त खायला घालायचं असतं."

"मगे आता मासो भरवू?" आईने विचारलं.

तिसऱ्या दिवशी बहीण गेली.

पुढे घरात मासे आले. आई रांधायची, आम्हाला वाढायची, स्वतः शिवायची नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "चेडवान मासो मागल्यान, मी देवक नाय." पोरीने मागितला आणि आपण दिला नाही, असा सगळा दोष तिने एकटीने घेतला. त्या दुपारचं मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. निदान बोटं तरी चाटू द्यायची होती.