तीट नसलेला फोटो

मी अजून विमानात बसलेलो नाही, आणि परदेशच्या सहलीबद्दल लिहायला बसलो आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे आपलं लिहिणं लोकांनी का वाचावं, हेही मला नीट सांगता येत नाही. तेवढं सांभाळून घ्यावं.

हरसूलजवळच्या आमच्या गावातून मी नाशिकला शिकायला आलो आणि सातपूरला ताईच्या घरी राहू लागलो. दाजी दुबईत वेल्डर आहेत. ते गेले तेव्हा भाची तीन वर्षांची होती आणि भाचा ताईच्या पोटात होता. आता तो दीड वर्षाचा झाला, पण बापाने त्याला फक्त मोबाईलवर पाहिलेलं. घरी येण्याएवढी रजा यंदाही मिळाली नाही. मिळाले ते जानेवारीतले सलग चार दिवस. दाजी म्हणाले, "मग तुम्हीच या."

जाणार होती ताई आणि दोन्ही मुलं, मी नाही; पण व्हिसाचे फॉर्म भरण्यापासून सहल आखण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. मी वहीत चार पानं आखली. मत्स्यालय, समुद्रकिनारा, ती उंच इमारत, आणि मध्ये मुलांची दुपारची झोप. भाची शेजारी बसून विचारायची, "मामा, पप्पा खरे केवढे आहेत?" मी दाराच्या वरच्या कडीकडे बोट दाखवायचो. तिचा विश्वास बसायचा नाही.

ताईने पिशवीत स्वेटर भरले तेव्हा मी म्हणालो, "ताई, तिकडे एवढी थंडी नसते."

"तिकडं नसंल. घरातून निघताना पोरं काय उघडी नेऊ?"

दाजींना फोनवर सगळा बेत वाचून दाखवला. ते म्हणाले, "भाऊ, लय भारी केलंय. पण एक दिवस मोकळा ठेव. कुठंच जायचं नाय. पोरगं अंगावर खेळंल, बस." मी मत्स्यालयावर काट मारली.

रजा शुक्रवारपासून होती, विमान गुरुवारचं. आदल्या शनिवारी व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन आला. बाळाचा फोटो परत आला होता. कपाळावर काळा डाग आहे, चेहरा स्वच्छ हवा.

डाग म्हणजे ताईने लावलेली काजळाची तीट. मी चिडलो. "फोटोच्या वेळी तरी पुसायची ना! शिकलेल्या घरात असं चालत नाही."

"शिकलेल्या घरात नजर लागत नाय का?" ताई म्हणाली. मग हळूच, "फॉर्म तर तूच भरला ना रे."

ते खरं होतं. सूचना मी तीनदा वाचल्या होत्या. फोटो अपलोड करायला एजंटला मीच पाठवला होता. तीट मला दिसलीच नाही, कारण तिच्याशिवाय तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. पण ताईला तसं सांगायचं धाडस झालं नाही. नवा फोटो काढायला निघायचं म्हणून मी नुसता चपला घालून उभा राहिलो.

स्टुडिओत ताईने ओल्या पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि तळपायाला बोटभर काजळ लावलं. तो एकटा बसेना. मग फोटोवाल्याने मला खुर्चीत बसवून माझ्यावर पांढरी चादर टाकली आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. चादरीआडून मी त्याला दोन्ही हातांनी धरून होतो. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"इकडं बघ, पप्पा बघ, पप्पा!" ताईने मोबाईल दाखवला असावा.

तो खळखळून हसला. त्याचं पोट माझ्या हातात हलत होतं.

"ताई, हसवू नका हो," फोटोवाला म्हणाला. "तोंड मिटलेलं पाहिजे."

"पप्पा म्हटल्यावर हसणारच की तो!"

चौथ्या खेपेला ताई काहीच बोलली नाही. तो गप्प झाला, आणि फोटो निघाला. चादर काढली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होती. मी तिला सॉरी म्हणालो. "चल, येडा," ती म्हणाली.

मंगळवारी ताईचा आणि भाचीचा व्हिसा आला. बाळाचा नाही. मी चाचरत विचारलं, "त्याच्या आत्याकडे ठेवायचं का त्याला? चारच दिवस..."

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्यालाच तर दाखवायला चालले मी. तो नाय तर कुणीच नाय."

दाजींना हे सांगायला तिने मलाच लावलं. ते एवढंच म्हणाले, "बरोबर हाय तिचं. उद्यापर्यंत बघू."

बुधवारी माझं प्रॅक्टिकल होतं. मोबाईल बॅगेत, बॅग वर्गाबाहेर. हातातली परीक्षानळी दोनदा धुतली तरी ती धुतल्याचं लक्षात राहिना. सुटल्यावर जिन्यातच मोबाईल काढला. एजंटचा मेसेज तासाभरापूर्वीच आला होता: बाळाचा व्हिसा आला आहे, तिन्ही प्रिंट घेऊन जा.