आयफोन, अँड्रॉइड आणि रसवंतीचा कूलर

मंडळी, क्रिप्टोच्या ट्रेडिंगला आयफोन बरा की अँड्रॉइड? आज दुपारी नागपूरच्या धरमपेठेत मी अँड्रॉइडवाला आणि माझा मित्र प्रशांत आयफोनवाला, रसवंतीसमोर यावरूनच भांडत बसलो होतो. दोघांचे फोन टेबलावर, भर उन्हात.

अचानक आम्ही दोघांनी घेतलेल्या कॉइनचा भाव कोसळला. घाबरून विकायला बोट लावणार, तोच दोन्ही फोन तापून बंद! आम्ही नुसते ओरडलो.

रसवंतीवाल्या काकू म्हणाल्या, "काहून ओरडून राहिले गा? ठेवा कूलरपुढं अन् रस प्या निवांत."

रस संपेपर्यंत फोन थंड झाले. उघडून पाहतो तर भाव परत आधी होता तिथेच! विकलं असतं तर दोघंही बुडालो असतो.

घाईत विकू न देणारा फोन आहे का कोणाकडे? आमच्याकडे सध्या काकूंचा कूलर आहे.